दशमांश कशावर काढायचा : घरात आलेल्या मालावर, की लागत वजा जाता उरलेल्यावर?

धुऱ्यावरची
सर्वांना सलाम. प्रश्न जुनाच आहे, पण यंदा आमच्या घरात त्यावर रोज बोलणं चाललंय म्हणून इथे विचारते. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले ख्रिस्ती, दारव्ह्याकडचे. सगळं वावर कोरडवाहू. सोयाबीन, तूर आणि कपाशी. नोकरदार विश्वासणाऱ्याचं बरं असतं, पगार जमा झाला की देवाचा दहावा भाग, म्हणजे दशमांश, बाजूला. आमच्याकडे सोयाबीनचा चुकारा हातात येतो तेव्हा त्यातले बियाण्याचे, खताचे, फवारणीचे, सोंगणीचे, थ्रेशरचे आणि सोसायटीचे पैसे आधीच वाटले गेलेले असतात. लाखाचा माल विकून वीस-पंचवीस हजार उरले तरी खूप झालं म्हणायचं. मग देवाला दहा हजार द्यायचे की दोन-अडीच?

माझे यजमान म्हणतात, प्रथमफळ म्हणजे आधी देवाचं, बाकीचं मागून. दीर म्हणतात, उधारीवर पिकवलेलं आपलं झालंच नाही, त्याचा दशमांश कसा काढता? दोघेही मनापासून बोलतात.

आणि मला त्याच्याही पुढचं विचारायचंय. रविवारी पाकीट टाकलं की देवाने सोपवलेल्याचं आपलं कारभारीपण झालं का? सातबाऱ्यावर आमचं नाव आहे, पण पृथ्वी आणि तिच्यातलं सगळं परमेश्वराचं आहे असं चोविसावं स्तोत्र सांगतं. खेड्यात राहून, शेती करून तुम्ही हे कसं जगता? वचनं पाठ आहेत, अनुभव लिहा.

नागपूरकर
पूर्ण उत्पन्नावर. मलाखी ३:१० मध्ये 'सगळा दशमांश भांडारात आणा' असं स्पष्ट आहे. मी तर कर कापला जाण्याआधीच्या पगारावर देतो आणि आजवर काही कमी पडलं नाही.

जुना_कास्तकार
नागपूरकर भाऊ, तुमच्या पगाराले बोंडअळी लागत नाही! २०१७ साली आमच्याकडं पहिली वेचणी बरी झाली, मागची बोंडं फोडून पाहिली त आत गुलाबी अळी. वावर पांढरं दिसत होतं अन् घरात माल नव्हता. तवा पूर्ण उत्पन्न म्हणजे कोणतं धरायचं?

दुसरं सांगतो. जुन्या करारातला कास्तकार घरचं बियाणं पेरे, घरच्या बैलानं वाहे. त्याची लागत म्हणजे त्याची मेहनत. आता बियाण्याच्या थैलीपासून डिझेलपर्यंत सगळं दुसऱ्याचं. कृषी केंद्राची उधारी बाकी ठेवून देवाले देणं मले पटत नाही. मी लागत वजा करतो, मग दहावा काढतो. लागत मात्र खरी लिहितो. मोटारसायकलचा हप्ता त्यात घुसवत नाही.

वचन_वाचक
यावर बोलताना मलाखीवरच थांबू नये. अनुवाद १४ उघडा. तिथे दशमांश परमेश्वरासमोर घरच्यांसह आनंदाने खायला सांगितलाय, आणि दर तिसऱ्या वर्षाचा दशमांश आपल्याच गावात ठेवायचा : लेवी (मंदिराचे सेवक), परका, अनाथ आणि विधवा यांनी खाऊन तृप्त व्हावं म्हणून. म्हणजे मंदिराच्या चाकरीइतकाच तो गावातल्या उपाशी माणसासाठी होता. नव्या करारात पौल टक्केवारी सांगत नाही. ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, खेद न करता द्यावं म्हणतो (२ करिंथ ९:७).

मत्तय २३:२३ मध्ये प्रभू पुदिना, शेपू आणि जिऱ्याचा दशमांश देणाऱ्यांना विचारतो की न्याय, दया आणि विश्वास कुठे ठेवलात? मात्र ते करताना हेही सोडायचं नव्हतं, असंही म्हणतो. त्यामुळे 'दशमांश जुन्या करारातला, आता माफ' असं मी म्हणणार नाही.

मुक्ता_वाशिम
धुऱ्यावरची ताई, तुमच्या प्रश्नात मजुरी कुठे बसते ते आधी ठरवा. मी लग्नाआधी आईबरोबर कापूस वेचायला जायचे, म्हणून हे मला पुस्तकात शोधावं लागत नाही.

आमच्याकडे वेचाई किलोवर असते आणि चुकारा बाजाराच्या दिवशी. आमच्या मंडळीतलेच, म्हणजे चर्चमधलेच, एक पंच होते. हंगामाच्या सणाला त्यांचं पाकीट सर्वांत जाड, नाव वाचलं की लोक टाळ्या वाजवायचे. त्याच माणसाच्या वावरात वेचलेल्या बाया बाजाराच्या दिवशी पिशवी घेऊन त्यांच्या ओट्यावर बसून राहायच्या. 'जिनिंगचे पैसे आले की देतो.' संध्याकाळ व्हायची, बाजार उठायचा. मग आई उधारीवर तेल आणायची, तेही महाग. याकोब ५:४ मध्ये कापणी करणाऱ्यांची अडकवलेली मजुरी ओरडते असं लिहिलंय. त्या ओट्यावर ती कशी ओरडते ते मी ऐकलंय.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की मजुराचं देणं ही 'लागत' नाही. ते पैसे कधीच आपले नव्हते. दशमांश पूर्णावर काढा की उरलेल्यावर काढा, पण मजुरी चुकती होईपर्यंत पाकिटाला हात लावू नका.

पाळक_निवृत्त
मुक्ताताईंशी शंभर टक्के सहमत. अनुवाद २४ मध्ये तर गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्याआधी द्यायला सांगितलंय, कारण त्याचा जीव तिच्यावर लागलेला असतो.

मी बुलढाणा आणि वाशिमच्या खेड्यापाड्यांत सेवा केली. पाळकाच्या बाजूनेही थोडं ऐका. खेड्यातल्या मंडळीत महिन्याचं अर्पण दिवा-बत्ती आणि सतरंजीच्या धुलाईतच संपतं. आमचं घर चाललं ते बायांनी काढून ठेवलेल्या मुठीवर. सकाळी भाकरीसाठी पीठ घेताना एक मूठ वेगळ्या डब्यात. महिन्याअखेर डबे उपासनेत यायचे. ज्वारीचं पीठ, तांदूळ, कधी तुरीची डाळ. त्यातली अर्धी आमच्या चुलीवर आणि अर्धी मंडळीतल्या विधवांकडे जायची. कोणाच्या मुठीचं किती, हे कधी कोणी मोजलं नाही.

मलाखीचं वचन वाचून कर्जबाजारी कास्तकाराला 'तू देवाला ठकवतोस' असं म्हणणारे उपदेशक मी पाहिलेत. मला ते पाप वाटतं. मार्क १२ मध्ये विधवेने दान केलेल्या दोन टोल्यांची, म्हणजे चिल्लर नाण्यांची, गोष्ट आहे, आणि तिच्या अगदी आधी विधवांची घरं गिळणाऱ्या शास्त्र्यांना प्रभूने झापलंय. दोन्ही एका दमात वाचावं.

कोंबडीवाली
मुठीवरून आठवलं. आमच्याकडे रविवारचं अंडं मंडळीचं असायचं. आई एका कोंबडीची फार तारीफ करायची, पण ती नेमकी रविवारीच अंडं देत नसे. भाऊ म्हणायचा, ही पक्की शब्बाथ (विसाव्याचा दिवस) पाळणारी आहे!

बुलढाण्याचा
😄 आणि हंगामाच्या सणाचा लिलाव? आमच्याकडे वेदीसमोर भोपळे, ज्वारीची कणसं, मक्याची बुट्टी, वांगी, उसाची मोळी आणि पाय बांधलेला कोंबडा. उपदेश ऐन रंगात आला की कोंबडा आरवणार, आणि कोंबडा आरवण्याआधी प्रभूला नाकारणारा पेत्र आठवून कोणीतरी मागून 'पेत्रा!' म्हणणार. लिलावात एका भोपळ्याला बोकडाचा भाव आला होता. ज्याने घेतला त्याने तो परत वेदीवर ठेवला आणि पुन्हा बोली लावायला सांगितलं. असा एक भोपळा चारदा विकला गेला.

धुऱ्यावरची
आमच्याकडेही अगदी हेच! लहान पोरं तर त्या लिलावासाठीच वर्षभर थांबलेली असतात.

मुक्ताताई, मजुरीचं तुमचं म्हणणं घरात वाचून दाखवलं. यजमान आणि दीर दोघेही गप्प झाले आणि मग मान्य म्हणाले. आता अजून एक अडचण सांगते. आमचा बाजार बुधवारचा, म्हणून मजूर बुधवारी येत नाहीत, रविवारी येतात. वेचणीच्या दिवसांत रविवार सोडला तर बाया दुसऱ्याच्या वावरात जातात आणि पुढचे चार दिवस मिळत नाहीत. तुम्ही काय करता?

जुना_कास्तकार
आमच्याकडं बी तसंच. मी रविवारी सकाळी उपासनेले जातो, वेचणी चालू राहाते. बायांची सुट्टी बाजाराच्या दिवशी, ते मी मोडत नाही. आपला शब्बाथ पाळाले त्यांची मजुरी बुडवली त तो शब्बाथ कसला? बैलाले मात्र रविवारी जुपत नाही. बैल मजुरी मागत नाही, म्हणून त्याचा इसावा आपणच सांभाळा लागते.

नागपूरकर
इथे मला अडचण वाटते. शब्बाथाची चौथी आज्ञा दास-दासींनाही विसावा द्यायला सांगते, आणि तुम्ही त्यांना कामाला लावून स्वतः उपासनेला जाता?

मुक्ता_वाशिम
नागपूरकर दादा, त्यांना विसावा आहेच, बुधवारी आहे. बाजार हाच त्यांच्या आठवड्याचा मोकळा दिवस, पोरांना घेऊन जायचा, माहेरचं माणूस भेटायचा. आज्ञेमागे सक्तीने राबणाऱ्याला मोकळा श्वास मिळावा हे आहे. अनुवाद ५ मध्ये कारणच ते दिलंय : तूही मिसरात दास होतास.

नागपूरकर
पाचव्या अध्यायातलं ते कारण मी लक्षात घेतलं नव्हतं. पुन्हा वाचतो. पूर्ण उत्पन्नाबद्दल मात्र माझं मत कायम आहे. हिशेब करून देण्यात मन हळूहळू हिशेबीच होत जातं.

शिवारमित्र
मी ख्रिस्ती नाही, शेजारधर्म म्हणून लिहितो. अमरावती जिल्ह्यातला. इथे गाडगेबाबांचं नाव घेतल्याशिवाय राहवत नाही. लोकांच्या पैशातून धर्मशाळा उभ्या केल्या आणि स्वतःजवळ गाडगं नि खराटा. दुसऱ्याचा पैसा हातात आल्यावर माणसाने कसं वागावं, हे आमच्या भागाने डोळ्यांनी पाहिलंय.

मला विचारायचंय ते वेगळंच. तुमच्यात जमिनीबद्दल काही शिकवण आहे का? दानाबद्दल सगळेच धर्म बोलतात. मातीबद्दल?

वचन_वाचक
स्वागत आहे, दादा. आहे, आणि भरपूर आहे. उत्पत्ती २:१५ मध्ये माणसाला बागेची मशागत आणि राखण या दोन्ही कामांसाठी ठेवलंय. लेवीय २५ मध्ये सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायला सांगितलंय, आणि तिथेच देव म्हणतो की जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे आहात. लेवीय १९ मध्ये कापणी करताना शेताच्या कडेचं कापू नका, पडलेलं वेचू नका, ते गरिबाला आणि परक्याला राहू द्या असं आहे. रूथ अशाच सरव्यावर जगली.

मुक्ता_वाशिम
सरवा! आमच्याकडे सोयाबीन निघाल्यावर बाया आणि पोरं सरवा वेचायला जातात. पाटी-दोन पाटी शेंगा घरी आणून काठीने बडवायच्या, त्यात पोरांच्या वह्या-पेनांचं भागतं. आता काही शेतमालक लगेच वखर फिरवतात किंवा हाकलून देतात. चोरी होते म्हणे. ख्रिस्ती कास्तकाराने तरी सोयाबीन उचलल्यावर थोडे दिवस वावर मोकळं सोडावं. याला पैसा लागत नाही.

वर्धेकर
शिवारमित्रांच्या प्रश्नावर आमच्या वर्ध्याचं एक नाव सांगतो, जे आपल्याच मंडळ्यांत फार कमी घेतलं जातं. जे. सी. कुमारप्पा. तंजावरचे ख्रिस्ती, परदेशात शिकलेले हिशेबनीस. १९३४ मध्ये गांधीजींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला तो वर्ध्याच्या मगनवाडीत, आणि त्याचं काम कुमारप्पांनी उभं केलं. त्याच वर्षीच्या बिहार भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशेबाची जबाबदारीही त्यांच्यावर होती. घाण्याचं तेल, हातकुटाईचा तांदूळ, सोनखत, कागद अशा गोष्टींमागे त्यांनी आयुष्य घातलं. निसर्गातून जे घेतो ते परत देतो का, या कसोटीवर ते सगळं अर्थशास्त्र तपासत, आणि त्याची मुळं येशूच्या शिकवणीत आहेत हे लपवत नसत. वर्ध्याला आलात तर मगन संग्रहालय बघा.

शिवारमित्र
कुमारप्पा ख्रिस्ती होते हे आजच कळलं. धन्यवाद.

केडगाव_आठवण
आमच्या पणजीला दुष्काळात मध्य प्रांतातून पंडिता रमाबाईंनी केडगावला नेलं, असं घरात सांगतात. १८९६-९७ च्या त्या दुष्काळात रमाबाई स्वतः इकडे आल्या आणि शेकडो मुलींना घेऊन गेल्या. तिथल्या त्यांच्या मुक्ती मिशनमध्ये त्या मुलींना नुसतं जेवू घातलं नाही. विहिरी खणल्या, शेती केली, मुलींना हाताचं काम शिकवलं. मिळालेल्या प्रत्येक दानातून माणूस उभं राहिलं पाहिजे, हा त्यांचा बाणा. आज आपली मंडळी मदत करते तेव्हा ब्लँकेट वाटपाचे फोटो निघतात. त्या बाईला पुढच्या वर्षी ब्लँकेट लागू नये म्हणून काय केलं, हे कोणी विचारत नाही.

जुना_कास्तकार
मातीचं निघालं म्हणून सांगतो. पऱ्हाट्या, म्हंजे कपाशीची उरलेली झाडं, जाळू नका. आमच्याकडं फेब्रुवारी-मार्चमध्ये जिकडं पाहाल तिकडं धूर. ट्रॅक्टरवरच्या श्रेडरनं बारीक करून मातीत गाडा. अन् फरदड, म्हंजे वेचणी झाल्यावरही जास्तीच्या कापसासाठी उभं ठेवलेलं पीक, ठेवू नका. डिसेंबर-जानेवारीत पीक उपटलं त बोंडअळीचं पुढच्या सालचं घर मोडते. चार किलो जास्तीच्या कापसापायी आपण शेजाऱ्याच्या वावरात अळी पाठवतो. 'शेजाऱ्यावर प्रीती कर' ते धुऱ्यापासूनच सुरू होते.

सिस्टर_अकोला
मी नर्स आहे. फवारणीच्या हंगामात ड्युटी केली आहे, म्हणून हे कळकळीने लिहिते. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण इतक्यात विसरलो. माणूस येतो तेव्हा बुबुळं टाचणीच्या टोकाएवढी झालेली, तोंडातून लाळ, अंगभर घाम. सोबतचा विचारतो, 'सिस्टर, डोळ्याले काय झालं?' फवारणारा बहुतेक वेळा मजूर असतो, मालक नसतो.

तुमच्या वावरात फवारणीला माणूस लावत असाल तर मास्क, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा तुम्ही द्या. वाऱ्याच्या दिशेने फवारू द्या, वाऱ्याच्या तोंडावर नको. दोन-तीन औषधं मनाने एकत्र करू नका. उपाशी पोटी पाठवू नका, काम झाल्यावर साबण आणि पाणी द्या. चक्कर किंवा मळमळ झाली की लगेच दवाखाना, आणि औषधाचा डबा सोबत न्या, म्हणजे डॉक्टरला कोणतं विष ते कळतं. देवाने तुमच्या हवाली केलेल्यांत तो माणूसही येतो.

बुलढाण्याचा
सिस्टर, हे आमच्या मंडळीच्या ग्रुपवर पाठवलं.

यवतमाळचा_मेथडिस्ट
जॉन वेस्लींची गोष्ट आमच्या संडे स्कूलमध्ये सांगत. ऑक्सफर्डला वर्षाला ३० पौंड मिळत, २८ मध्ये भागवून २ दिले. पुढच्या वर्षी ६० मिळाले, तेव्हाही २८ मध्ये भागवून ३२ दिले. उत्पन्न वाढलं तरी राहणी तिथेच ठेवली. आपल्याकडे चांगलं वर्ष आलं की लग्नाचा मांडव वाढतो. ख्रिस्ती घरातसुद्धा हुंडा 'भेट' म्हणून चालतो, डीजे येतो, आणि कर्ज सोसायटीचं राहतं बाजूला. दशमांशाचा वाद घालणाऱ्यांनी लग्नाच्या खर्चावर एकदा तरी मंडळीच्या पंचायतीत बोलावं.

वर्धेकर
आणि पंचायतीनेही बोलावं! कारभारी फक्त देणारा नसतो. घेणारी मंडळीही कारभारीच आहे. वर्षानुवर्षं हिशेब न वाचणाऱ्या मंडळ्या मला माहीत आहेत, नावं घेत नाही. लोक पूर्ण उत्पन्नावर द्यायला कचरतात त्याचं अर्धं कारण गरिबी नाही, हे आहे. पौलाने सुद्धा यरुशलेमची मदत नेताना सोबत मंडळ्यांनी निवडलेली माणसं घेतली, कोणी बोट दाखवू नये म्हणून (२ करिंथ ८).

पाळक_निवृत्त
खरं आहे. माझ्या शेवटच्या मंडळीत आम्ही महिन्याची जमा आणि खर्च खडूने फळ्यावर लिहून दाराशी ठेवत होतो. पहिल्यांदा पंच नाराज झाले. काही महिन्यांत अर्पण वाढलं. आणि गावातल्या इतर समाजाचे लोकही तो फळा वाचून जायचे.

धुऱ्यावरची
इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. काल रात्री आम्ही तिघं वही घेऊन बसलो. सध्या असं ठरलंय : आधी मजुरी, तीही त्या-त्या बाजाराला, सोयाबीन विकलं गेलं असो वा नसो, त्यासाठी थोडी रक्कम पेरणीच्या वेळीच बाजूला ठेवायची. दशमांश यंदा लागत वजा जाता, पण तुरीची पहिली पाटी न मोजता मंडळीत. दिरांना एवढंच मान्य. यजमानांनी त्यांच्या वाट्यातून पूर्ण उत्पन्नावर द्यायचं ठरवलंय, आणि मी त्यांना अडवणार नाही. एका घरात दोन पद्धती चालतील का, माहीत नाही. सरव्यासाठी वावर मोकळं ठेवायचं मात्र एकमताने ठरलं. फवारणीवाल्या दादांसाठी हातमोजे आणि मास्क आणलेत.

जुना कास्तकार काका, श्रेडर भाड्याने कुठे मिळतो? आमच्या गावात कोणाकडेच नाही.

नागपूरकर
एका घरात दोन पद्धती नक्की चालतील. तुमच्या यजमानांना माझा सलाम सांगा!

जुना_कास्तकार
ताई, तालुक्याच्या कृषी कार्यालयात अवजार बँकेची चौकशी करा. शेतकरी गटाकडं असते. नाही त मोठ्या गावात ट्रॅक्टरवाले तासावर देतात. एकट्याच्या वावरासाठी कोणी येत नाही, म्हणून आजूबाजूच्या चार-पाच धुऱ्यांचं एकाच दिवशी जमवा. पऱ्हाटी पुरी वाळाच्या आत बोलवा, लई वाळली का दाताले जड जाते अन् तो भाडं वाढवून मांगते.